एक गिरणी, दोन गिऱ्हाइके



संगणकावर खेळ खेळण्याची आवड तुमच्यापैकी पुष्कळांना असेल. अशा कुणाला विचारा, की संगणकाचा सर्वांत महाग भाग कोणता? तो लगेच सांगेल, 'ग्राफिक्स कार्ड'. पडद्यावरची चित्रे झरझर रंगवणारी ही एक लहानशी पाटी. २०१० साली वरच्या प्रतीच्या अशा कार्डाची जाहीर किंमत ४९९ डॉलर होती. जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या वरच्या प्रतीच्या कार्डाची जाहीर किंमत १,९९९ डॉलर होती आणि दुकानात ते त्याहूनही महाग विकले गेले. याच काळात या कार्डांच्या चिपा तयार करवून घेणारी एनव्हिडिया ही अमेरिकन कंपनी श्रीमंत होत गेली. ऑक्टोबर २०२५ मध्ये तिचे बाजारमूल्य ५ लाख कोटी डॉलरवर पोचले. जगातील कोणत्याही कंपनीने त्याआधी हा आकडा गाठलेला नव्हता.

कार्ड महाग का झाले? कंपनीचे मूल्य एवढे का वाढले? आणि शाळेत शिकणाऱ्या मुलामुलींनी या उलाढालीची दखल का घ्यावी? या लेखात मी माझे एक मत मांडणार आहे. पण मत नेहमी शेवटी यावे. आधी शास्त्र समजून घेऊ, मग बाजार पाहू आणि मग मताकडे वळू. ते तुम्हांला पटले नाही तर जरूर खोडून काढा. मात्र आकडे समोर ठेवून खोडा.

गुरुजी आणि पाचशे विद्यार्थी

संगणकाच्या नेहमीच्या पडद्यावर आडव्या ओळीत १,९२० आणि उभ्या ओळीत १,०८० ठिपके असतात. गुणाकार केला तर एकूण ठिपके २० लाख ७३ हजार ६०० भरतात. खेळातील हालचाल सलग दिसावी म्हणून हे सारे चित्र सेकंदाला ६० वेळा नव्याने काढावे लागते. म्हणजे दर सेकंदाला १२ कोटी ४४ लाख ठिपक्यांचा रंग ठरवायचा! शिवाय उजेड कोठून येतो, सावली कोठे पडते, वस्तू किती लांब आहे, यासाठी प्रत्येक ठिपक्यामागे कितीतरी बेरजा आणि गुणाकार करायचे.

संगणकाचा मुख्य प्रक्रियक हा गणिताच्या हुशार गुरुजींसारखा असतो. कितीही अवघड उदाहरण द्या, ते पायरीपायरीने भराभर सोडवतील. पण त्यांना साधे दोन अंकी पाच हजार गुणाकार दिले तर? अशा वेळी एकट्या गुरुजींपेक्षा पटांगणात बसवलेले पाचशे विद्यार्थी बरे. प्रत्येकाने दहा गुणाकार केले की काम संपले. अट एवढीच, की एकाचे काम दुसऱ्याच्या उत्तरावाचून अडता कामा नये. पडद्यावरच्या ठिपक्यांची गणिते बरीचशी अशीच सुटी सुटी असतात. म्हणून ग्राफिक्स कार्डाच्या चिपमध्ये हजारो साधे गणक एकाच वेळी काम करीत असतात. यालाच समांतर गणन म्हणतात.

ही कल्पना आपल्याकडेही जुनी आहे. पुण्याच्या सी-डॅक या संस्थेने १९९१ मध्ये तयार केलेला 'परम ८०००' हा महासंगणक याच तत्त्वावर चालत असे. अनेक लहान प्रक्रियक जोडून त्यांच्याकडून एक मोठे काम करवून घ्यायचे, ही त्यामागची युक्ती होती.

एनव्हिडिया कंपनीची स्थापना १९९३ मध्ये झाली. १९९९ मध्ये तिने 'जीफोर्स २५६' ही चिप बाजारात आणली. खेळ खेळणाऱ्यांनी अशी कार्डे हौसेने विकत घेतली आणि त्या पैशांवर दर वर्ष-दोन वर्षांनी अधिक वेगवान चिप तयार होत गेली. पुढे २००६ मध्ये कंपनीने 'कुडा' नावाची आज्ञावलीची सोय जाहीर केली. तिच्यामुळे चित्रांशी संबंध नसलेली गणितेही या कार्डांकडून करवून घेता येऊ लागली. हवामान, रेणूंची रचना, भूकंपलहरी अशा विषयांतील संशोधक आता हे कार्ड वापरू लागले.

दोन कार्डे आणि बारा लाख चित्रे

आता २०१२ सालाकडे वळू. त्या काळी 'इमेजनेट' नावाची एक स्पर्धा होत असे. संगणकाला सुमारे १२ लाख छायाचित्रे दाखवून शिकवायचे आणि मग न पाहिलेले चित्र समोर धरून विचारायचे, 'हे काय आहे?' उत्तरे १,००० प्रकारांतून निवडायची आणि पाच अंदाज करण्याची मुभा. त्या वर्षी दुसऱ्या क्रमांकाच्या गटाचे २६.२ टक्के अंदाज चुकले. पहिल्या क्रमांकाच्या गटाचे मात्र केवळ १५.३ टक्केच चुकले. एवढे मोठे अंतर पाहून तज्ज्ञ थक्क झाले.

हा विजयी गट कॅनडातील टोरांटो विद्यापीठाचा होता. त्यात अ‍ॅलेक्स क्रिझेव्हस्की आणि इल्या सट्स्केव्हर हे दोन विद्यार्थी आणि जेफ्री हिंटन हे त्यांचे प्राध्यापक होते. हिंटन यांना २०२४ मध्ये भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. या गटाने मेंदूतील चेतापेशींच्या जाळ्यावरून सुचलेली गणिती रचना वापरली होती. तिच्यात ६ कोटी आकडे होते आणि ते चित्रे पाहून पाहून हळूहळू जुळवायचे होते. हे जुळवणे म्हणजे पुन्हा तेच, साध्या गुणाकारांचे आणि बेरजांचे डोंगर. पटांगणातील पाचशे विद्यार्थ्यांना अगदी योग्य असे काम.

मग त्यांनी कोणता महासंगणक वापरला? महासंगणक नव्हताच. खेळाच्या दुकानात मिळणारी 'जीटीएक्स ५८०' जातीची दोन ग्राफिक्स कार्डे त्यांनी वापरली. क्रिझेव्हस्की यांनी आईवडिलांच्या घरातील आपल्या खोलीत ती चालवली आणि पाच-सहा दिवसांत जाळे शिकून तयार झाले. आजच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या लाटेची सुरुवात बहुतेक जाणकार याच प्रयोगापासून मोजतात.

ही गोष्ट नीट लक्षात ठेवा. माझे पुढचे सारे म्हणणे तिच्यावर उभे आहे.

दळण कुणाचे आधी?

३० नोव्हेंबर २०२२ रोजी 'चॅटजीपीटी' लोकांसमोर आले आणि अशी जाळी शिकवण्याची चढाओढ लागली. एका जाळ्यासाठी दोन कार्डे पुरण्याचे दिवस गेले; हजारो चिपा एकत्र जोडाव्या लागू लागल्या. त्यासाठी कंपनीने वेगळी, मोठी चिप काढली होती. तिचे नाव 'एच१००'. तिच्यात ८,००० कोटी ट्रान्झिस्टर आहेत.

येथे एका गिरणीची कल्पना करा. गावात पिठाची एकच चांगली गिरणी आहे. रोज सकाळी आयाबाया ज्वारी-गव्हाचे डबे घेऊन येतात. एके दिवशी शहरातील बिस्किटांचा कारखानदार येतो आणि म्हणतो, 'माझे दळण आधी दळ. मी दहापट दर देतो.' गिरणीवाला काही दुष्ट नाही. पण जाते एकच आहे आणि दिवसाचे तास तेवढेच आहेत. डब्यांची रांग लांबत जाते आणि दळणाचा दर चढतो.

चिपांच्या जगातील ही गिरणी म्हणजे तैवानमधील टीएसएमसी ही कंपनी. मॉरिस चँग यांनी ती १९८७ मध्ये स्थापन केली. एनव्हिडिया चिपांचे आराखडे तयार करते. अतिप्रगत चिपा प्रत्यक्षात घडवण्याचे काम टीएसएमसी करते. त्यासाठी १३.५ नॅनोमीटर लांबीच्या प्रकाशलहरी वापरणारी यंत्रे लागतात आणि ती नेदरलँड्समधील एएसएमएल ही एकच कंपनी बनवते. तेव्हा अशी गिरणी दुसऱ्या कुणी पुढच्या आळीत सहज सुरू करावी, असे होत नाही.

आता वहीपेन्सिल घ्या. चिपा सिलिकॉनच्या गोल चकतीवर घडवतात. तिचा व्यास ३०० मिलिमीटर. म्हणजे क्षेत्रफळ सुमारे ७०,७०० चौरस मिलिमीटर. 'एच१००' चिपचे क्षेत्रफळ ८१४ चौरस मिलिमीटर. भागाकार केला तर ८६ उत्तर येते. पण गोल चकतीतून चौकोनी तुकडे कापताना काठ वाया जातो. तो सोडला तर एका चकतीत जेमतेम ६३ चिपा बसतात. २०२२ मधील वरच्या प्रतीच्या खेळाच्या कार्डाची, म्हणजे 'आरटीएक्स ४०९०' ची चिप सुमारे ६०९ चौरस मिलिमीटरची होती. त्या चिपा एका चकतीत ८९ बसतात. या दोन्ही चिपा टीएसएमसीच्या एकाच जातीच्या प्रक्रियेने तयार होत.

'आरटीएक्स ४०९०' ची जाहीर किंमत होती १,५९९ डॉलर. ८९ कार्डांचे झाले सुमारे १ लाख ४२ हजार डॉलर. 'एच१००' ची किंमत कंपनी उघड सांगत नसे. पण २०२३ मधील वृत्तांत २५ हजारांपासून ४० हजार डॉलरपर्यंतचे आकडे आले. कमीत कमी आकडा धरला तरी ६३ चिपांचे होतात १५ लाख ७५ हजार डॉलर. तीच चकती, तीच गिरणी. पण उत्पन्न अकरापट!

हा हिशेब ढोबळ आहे. चकतीवरील काही चिपा सदोष निघतात आणि 'एच१००' ला जोडावी लागणारी स्मृती व तिची जुळणी फार खर्चाची असते. तरीही फरक एवढा मोठा आहे, की गिरणीवाला कोणते दळण आधी घेईल हे सांगायला नको.

कंपनीच्या जमाखर्चातही हेच दिसते. जानेवारी २०२२ मध्ये संपलेल्या वर्षात एनव्हिडियाच्या १०० डॉलरच्या विक्रीत ४६ डॉलर खेळाच्या कार्डांचे होते. जानेवारी २०२५ मध्ये संपलेल्या वर्षात ते ९ च्या आत आले. खेळाची विक्री फारशी घटली नव्हती. पण बुद्धिमत्तेच्या कामासाठी माहितीकेंद्रांना विकलेल्या मालाची रक्कम १,०६१ कोटी डॉलरवरून ११,५२० कोटी डॉलरवर गेली. जे गिऱ्हाईक एके काळी घरचे होते, ते आता दाराशी उभे राहिले.

रांगेत आणखी कोण?

तुम्ही म्हणाल, 'आम्ही कुठे एवढे महाग कार्ड घेणार होतो? आम्हांला काय त्याचे?' पण ही रांग खेळाच्या कार्डांपाशी थांबलेली नाही.

बुद्धिमत्तेच्या चिपांना थरावर थर रचलेली अतिवेगवान स्मृती लागते. ती प्रामुख्याने तीन कंपन्या बनवतात : दक्षिण कोरियातील एसके हायनिक्स आणि सॅमसंग आणि अमेरिकेतील मायक्रॉन. साध्या संगणकातील आणि मोबाइलमधील स्मृतीही याच कंपन्या बनवतात. मायक्रॉननेच सांगितल्याप्रमाणे तेवढीच माहिती साठवणाऱ्या साध्या स्मृतीच्या मानाने थरांच्या स्मृतीला चकतीची सुमारे तिप्पट जागा लागते. साहजिकच साधी स्मृती कमी निघू लागली आणि २०२५ च्या अखेरीस तिचे भाव वेगाने चढले. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने 'क्रुशल' या नावाने सामान्य ग्राहकांना स्मृती विकण्याचा व्यवसाय बंद करण्याचे जाहीर केले.

त्याच महिन्यात 'रास्पबेरी पाय' महागला. इंग्लंडमध्ये २०१२ साली निघालेला हा तळहाताएवढा संगणक मुळात मुलांना आज्ञावली लिहिता यावी म्हणूनच तयार झाला. पहिल्या नमुन्यांपैकी एकाची किंमत ३५ डॉलर ठेवलेली होती. डिसेंबर २०२५ मध्ये त्याच्या पाचव्या पिढीतील सर्वांत मोठ्या स्मृतीच्या संगणकाची किंमत १२० वरून १४५ डॉलर झाली आणि स्मृतीचे वाढलेले भाव हेच कारण कंपनीने दिले. दूरच्या माहितीकेंद्रातील मागणी अशी विज्ञानप्रदर्शनाच्या टेबलापर्यंत येऊन पोचते.

भाव चढतो तसा उतरतोही

येथे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ग्राफिक्स कार्डांचा भाव बुद्धिमत्तेच्या आधीही भडकला होता. 'इथेरियम' नावाचे आभासी चलन मिळवण्यासाठी लोक खोल्याच्या खोल्या भरून ही कार्डे रात्रंदिवस चालवीत. त्यात महासाथीच्या काळातील चिपटंचाईची भर पडली. सप्टेंबर २०२० मध्ये ६९९ डॉलरला जाहीर झालेले 'आरटीएक्स ३०८०' कार्ड २०२१ मध्ये दुपटीहून अधिक भावाने विकले जात होते. पण १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमची पद्धत बदलली आणि त्याला कार्डांची गरज उरली नाही. वापरलेल्या कार्डांचा बाजारात पूर आला व भाव कोसळले.

म्हणून आजची महागाई कायमची आहे, असे मी म्हणणार नाही. मात्र एक फरक ध्यानात घ्या. आभासी चलनवाल्यांना खेळाचीच कार्डे लागत. त्यांचे काम संपल्यावर ती पुन्हा मुलांच्या हाती आली. माहितीकेंद्रातील प्रचंड चिपा घरच्या संगणकात बसवता येत नाहीत. त्या जुन्या झाल्या तरी विद्यार्थ्याच्या उपयोगी पडणे कठीण.

आंब्याची पेटी आणि आंब्याची बाग

आता शेअरकडे वळू. कार्डाची किंमत आणि कंपनीच्या शेअरची किंमत या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आंब्याच्या पेटीची किंमत आजच्या फळाची असते. बागेची किंमत पुढे किती वर्षे किती फळ धरेल, या अंदाजाची असते. शेअर म्हणजे बागेचा एक बारीकसा हिस्सा. मोहोर चांगला दिसला की बागेची बोली चढते. मळभ आले की उतरते. त्या दिवशी झाडावरून एकही कैरी गळलेली नसली तरीही!

२७ जानेवारी २०२५ रोजी असेच मळभ आले. 'डीपसीक' या चिनी कंपनीने आपले जाळे केवळ २,०४८ चिपांवर शिकवले आणि शेवटच्या शिकवणीच्या चिपांचे भाडे ५६ लाख डॉलरच्या आत बसले, असे प्रसिद्ध केले होते. एवढ्या थोड्यात भागत असेल तर चिपा घेणार कोण, या शंकेने एनव्हिडियाचा शेअर एका दिवसात सुमारे १७ टक्के पडला. सुमारे ५९,००० कोटी डॉलरचे बाजारमूल्य कागदावरून पुसले गेले. अमेरिकेच्या बाजारात एका कंपनीचे एका दिवसात एवढे मूल्य पूर्वी कधीच घटले नव्हते. त्या दिवशी एकही चिप मंद झाली नव्हती आणि गणिताचा एकही नियम बदलला नव्हता. पुढे जुलै महिन्यात याच कंपनीने ४ लाख कोटी डॉलरचा आकडा ओलांडला.

काटकसरीने मागणी घटेल हा अंदाज का चुकला? इंग्लंडचे अर्थशास्त्रज्ञ जेव्हन्स यांनी १८६५ मध्ये कोळशाबद्दल एक निरीक्षण नोंदवले होते. वाफेची एंजिने कमी कोळशात चालू लागली तेव्हा कोळशाचा एकूण खप घटण्याऐवजी वाढला, कारण स्वस्त झालेली शक्ती नव्या नव्या कामांसाठी वापरली जाऊ लागली. चिपांचेही निदान तेव्हा तसेच झाले.

याचा अर्थ शेअर वरच जात राहतील असा मात्र नव्हे. इंटरनेटची उपकरणे बनवणारी सिस्को ही कंपनी मार्च २००० मध्ये काही काळ जगातील सर्वांत मूल्यवान कंपनी होती. नंतर तिचा शेअर कोसळला आणि ती जुनी उंची पुन्हा गाठायला डिसेंबर २०२५ उजाडावा लागला. मधल्या २५ वर्षांत इंटरनेट मात्र घरोघर पोचले. तेव्हा शेअर चढला म्हणजे विज्ञान खरे आणि पडला म्हणजे खोटे, असे कधीही समजू नका. अशा लाटांत घरातील बचत घालायला निघालेल्या वडीलधाऱ्यांनाही हे उदाहरण सांगायला हरकत नाही.

माझे मत

आता मुद्द्यावर येतो. २०१२ चा तो प्रयोग दोन विद्यार्थी आणि त्यांच्या प्राध्यापकांनी केला. दुकानात कुणालाही मिळणारी कार्डे त्यांच्या आवाक्यात होती म्हणून ते करू शकले. खेळणाऱ्या मुलांच्या पैशांनी ती कार्डे वाढली, त्या कार्डांनी कृत्रिम बुद्धिमत्ता वाढवली आणि आता तीच बुद्धिमत्ता कार्डांना मुलांच्या आवाक्याबाहेर ढकलते आहे. ज्या शिडीवरून आपण वर चढलो ती मागच्यासाठी जागेवर ठेवावी, हा साधा न्याय आहे. चिपांचे वाटप नुसत्या पैशाच्या थैलीवर सोडून देऊ नये; शिकणाऱ्यांसाठी त्यातला काही वाटा समाजाने मुद्दाम राखून ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

यावर पहिला आक्षेप असा, की बुद्धिमत्तेची कामे खेळापेक्षा महत्त्वाची आहेत. काही निश्चितच आहेत. प्रथिनांचा आकार ओळखणाऱ्या 'अल्फाफोल्ड' च्या कामाला २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा मिळाला. अशा कामांना यंत्रे मिळायलाच हवीत. पण गिरणीचा दर वाढतो तेव्हा तो दळणाचे महत्त्व पाहत नाही, देणाऱ्याची ऐपत पाहतो. गमतीची चित्रे काढून देणारे केंद्र आणि प्रथिनांचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा यांत त्याला फरक दिसत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. भाव चढला की नवे कारखाने निघतील आणि सारे आपोआप ठीक होईल. हे खरे आहे, पण त्याला वेळ किती लागतो? टीएसएमसीने अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्यात कारखाना काढण्याचे मे २०२० मध्ये जाहीर केले. तेथे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू झाले २०२४ च्या अखेरीस. २०२० मध्ये आठवीत असलेली मुलगी तोवर बारावीत पोचली. बाजार चार वर्षे थांबू शकतो; शाळेची चार वर्षे परत येत नाहीत.

मग करावे काय? घरोघर महाग कार्डे पोचवणे शक्य नाही आणि त्याची गरजही नाही. गावात प्रत्येकाने ग्रंथ विकत घ्यावेत असे आपण म्हणत नाही, ग्रंथालय काढतो. गणनशक्तीचेही तसेच करता येईल. भारत सरकारने मार्च २०२४ मध्ये सुमारे १०,३७२ कोटी रुपयांची 'इंडिया एआय' योजना मंजूर केली. तिच्याखाली २०२५ च्या अखेरीपर्यंत ३८ हजार चिपांची सोय झाल्याचे आणि सवलतीचा दर ताशी सुमारे ६५ रुपये असल्याचे सरकारने सांगितले होते. कल्पना उत्तम आहे. आता यातले काही तास शाळांच्या विज्ञान मंडळांसाठी, तंत्रनिकेतनांसाठी आणि तालुक्याच्या महाविद्यालयांसाठी राखून ठेवावेत. नवउद्योजकाला मिळणारी चिप दहावीच्या मुलीच्या प्रयोगाला महिन्यातून दोन तास मिळाली, तर देशाचे काही बिघडणार नाही.

कंपन्यांनीही काही करावे. गिऱ्हाइकांत फरक करणे अशक्य नसते. २०२१ मध्ये एनव्हिडियाने 'आरटीएक्स ३०६०' कार्डावर इथेरियमच्या कामाचा वेग निम्म्यावर आणणारा अडसर घातला होता, तो खेळणाऱ्यांना कार्डे मिळावीत म्हणून. लोकांनी पुढे त्यातून पळवाटा काढल्या हे खरे. तेव्हा अडसरापेक्षा शाळा-महाविद्यालयांना ठरावीक कार्डे मूळ किमतीत देण्याची रीत अधिक टिकेल. जानेवारी २०२५ मध्ये संपलेल्या वर्षात या कंपनीला १०० डॉलरच्या विक्रीतून उत्पादनखर्च वजा जाता ७५ डॉलर उरले. त्यातून एवढे करणे जड जाऊ नये.

तुमच्या हाती काय आहे?

आणि तुम्ही? कार्ड नाही म्हणून हात बांधून बसू नका. ज्या गणितावर हे सारे चालते ते कोष्टकांचे गुणाकार, आलेख आणि संभाव्यता यांचे गणित आहे. ते वहीवर शिकता येते. हाताने लिहिलेले अंक ओळखणारे लहान जाळे शाळेच्या साध्या संगणकावरही शिकवता येते. थोडा वेळ अधिक लागेल, एवढेच. डीपसीकच्या प्रसंगाने एक गोष्ट तर सिद्ध केली आहे, की थोड्या यंत्रांत काम भागवण्याची युक्ती शोधणाऱ्याची दखल साऱ्या बाजाराला घ्यावी लागते. काटकसर ही गरिबाची अडचण न मानता अभियंत्याचे कौशल्य माना.

या महिन्यात तुमच्या विज्ञान मंडळात एक चर्चा घडवून आणा. फळ्यावर ३०० मिलिमीटरची चकती काढा, तिच्यात दोन आकारांच्या चिपा बसवून पाहा आणि वर दिलेला हिशेब स्वतः करा. मग एक प्रश्न ठेवा : गिरणी एक आणि गिऱ्हाइके दोन असतील, तर दळणाची पाळी कुणी आणि कशाच्या आधारे ठरवावी? तुमची उत्तरे एकमेकांशी जुळणार नाहीत. न जुळलेली उत्तरे कारणांसह लिहून काढा आणि आम्हांला अवश्य कळवा.